चित्रपटही बीबीसीचा आणि परीक्षणही बीबीसीचे: विश्वास कशावर ठेवायचा?

लीड्समध्ये शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने तिथल्या चित्रपटगृहात संध्या सुरी यांचा 'संतोष' पाहिला, सुरुवातीच्या पाट्यांमध्ये 'बीबीसी फिल्म' हे नाव वाचले आणि तो विचारात पडला. जी संस्था चित्रपटात पैसा घालते तीच रेडिओवर, दूरचित्रवाणीवर आणि संकेतस्थळावर चित्रपटांची परीक्षणेही करत असेल, तर त्या परीक्षणांवर विश्वास कसा ठेवायचा? त्याला एका दिवाळी अंकासाठी 'संतोष'वर लेख लिहायचा आहे आणि त्यात ब्रिटिश समीक्षकांची मते घ्यावीत की वगळावीत आणि अशा हितसंबंधाची नोंद लेखात कशी करावी, हेही त्याला जाणून घ्यायचे आहे. हे उत्तर त्यालाच उद्देशून आहे.

मी सव्वीस वर्षे मराठीत चित्रपट परीक्षणे लिहितो आहे आणि गेली काही वर्षे सहनिर्मितीच्या प्रकल्पांसाठी संहिता वाचून लेखी अभिप्राय देण्याचे कामही करतो. त्यामुळे पैसा घालणारे चित्रपटाकडे कसे पाहतात आणि परीक्षण लिहिणारे कसे पाहतात, हे मला दोन्हीकडून थोडेफार अनुभवता आले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की प्रश्न योग्य आहे, पण त्याचा रोख थोडा बदलायला हवा. समीक्षक कोणाच्या पगारावर आहे, एवढ्यावर त्याच्या मताची किंमत ठरत नाही. खरे बोलल्याने त्याचे काय जाईल, हे आधी पाहावे. या कसोटीवर तपासले तर मालकीचा दबाव वाटतो त्याहून कमी आणि दुसरे दोन दबाव वाटतात त्याहून बरेच जास्त भरतात.

आधी पैशाचे पाहू. चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्या मी सातबाऱ्यासारख्या वाचतो. सातबाऱ्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते आणि 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा बोजा, कोणाची वहिवाट, कोणाचे कूळ हेही असते, आणि जाणकार माणूस हा दुसरा रकाना आधी पाहतो. पडद्यावर नाव दिसले म्हणजे ती संस्था चित्रपटाची मालक झाली, असे नसते. 'संतोष'च्या मागे बीबीसी फिल्म आहे, लॉटरीच्या निधीतून चित्रपटांना मदत करणारी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आहे, शिवाय जर्मनी आणि फ्रान्समधील निर्मितीसंस्थाही आहेत. बीबीसी अशा चित्रपटात सहसा दोन प्रकारे पैसा घालते. एक भाग भांडवल म्हणून असतो आणि चित्रपटाने कमाई केली तर त्या प्रमाणात तो परत येतो. दुसरा भाग ब्रिटनमधील दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या हक्कांची आगाऊ किंमत म्हणून असतो. चित्रपटगृहे आणि घरगुती विक्री यांची मुदत संपली की चित्रपट बीबीसीच्या वाहिनीवर येतो, तो या हक्कामुळे. बीबीसी फिल्मचे वार्षिक अंदाजपत्रक अनेक वर्षे सुमारे १ कोटी १० लाख पौंड राहिले आणि ते वर्षाकाठी दहा-बारा चित्रपटांत विभागले जाते. अब्जावधी पौंडांच्या संस्थेच्या हिशेबात ही रक्कम फार लहान आहे. एखाद्या परीक्षणाने त्यातला एखादा चित्रपट पडला, तरी बीबीसीच्या रेडिओवर बोलणाऱ्या समीक्षकाचे त्यात काहीही बुडत नाही.

संस्थेची घडणही याला पूरक आहे. बीबीसीचा मुख्य खर्च दूरचित्रवाणीच्या परवाना शुल्कातून चालतो. हे शुल्क एप्रिल २०२४ पासून एका घरासाठी वर्षाला १६९.५० पौंड होते. संस्था राजसनदेनुसार चालते, सध्याच्या सनदेची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते आणि तिच्या प्रसारणावर ऑफकॉम या नियामक संस्थेची देखरेख असते. चित्रपटांची निवड करणारा विभाग आणि परीक्षणाचे कार्यक्रम करणारे विभाग वेगवेगळे आहेत. शिवाय परीक्षण करणारी माणसे बहुधा बाहेरून बोलावलेली, इतरत्रही लिहिणारी असतात. मार्क करमोड यांनी सायमन मेयो यांच्याबरोबर २००१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत रेडिओ ५ लाइव्हवर परीक्षणाचा साप्ताहिक कार्यक्रम केला. त्यातली शेवटची काही वर्षे ते 'द ऑब्झर्व्हर' या साप्ताहिकाचे मुख्य चित्रपट समीक्षकही होते. बीबीसी सोडल्यावर त्याच जोडीने कार्यक्रम नव्या नावाने पॉडकास्ट म्हणून पुढे चालू ठेवला. ज्या समीक्षकाला असे दुसरे घर आहे, त्याला पहिल्या घरात बोलताना भीती कमी वाटते.

इथे एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, ती मान्य करतो. बीबीसीच्या नावाखाली चित्रपटाविषयी जे जे येते ते सारे परीक्षण नसते. दिग्दर्शकाची मुलाखत, महोत्सवाची बातमी, वाहिनीवर चित्रपट दाखवण्याआधीची जाहिरात आणि समीक्षकाचे परीक्षण या चार वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्या तीन वस्तू स्वभावतःच चित्रपटाला अनुकूल असतात, त्यात कोणाची लबाडी नसते. पण वाचक त्या चारही एकाच पिशवीत टाकतो आणि मग म्हणतो की बीबीसीने आपल्या चित्रपटाचे कौतुक केले. आपण जे वाचले किंवा ऐकले, ते या चारांपैकी नेमके काय होते, हे लेख लिहिण्याआधी तपासून पाहा.

आता ज्या दबावाला मी मालकीपेक्षा मोठा मानतो त्याकडे वळतो. तो दबाव प्रवेशाचा आहे, म्हणजे चित्रपट वेळेआधी पाहायला मिळणे, कलावंत मुलाखतीला मिळणे, पडद्यावर दाखवायला चित्रपटातले तुकडे मिळणे यांचा आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण बीबीसीच्याच इतिहासात आहे आणि ते बीबीसी फिल्मच्या स्थापनेच्या चव्वेचाळीस वर्षे आधीचे आहे. १९४६ साली ई. आर्नट रॉबर्टसन या कादंबरीकार बाई बीबीसी रेडिओवर चित्रपट परीक्षण करत असत. मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीच्या एका चित्रपटावर त्यांनी कठोर टीका केली. कंपनीने बीबीसीला पत्र पाठवले. या बाईंना सामान्य प्रेक्षकाच्या आवडीनिवडीची जाण उरलेली नाही, त्यांना आमच्या चित्रपटांचे परीक्षण करू देऊ नये, असा त्याचा आशय होता. कंपनीने त्यांना आपल्या प्रेस शोची निमंत्रणे देणेही बंद केले. बाईंनी बदनामीचा दावा लावला. १९४७ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन १,५०० पौंडांची भरपाई ठरवली, पण अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि १९५० मध्ये त्या वेळचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही त्यांच्या विरोधातच निर्णय दिला. कंपनीला आपल्या हितासाठी असे पत्र लिहिण्याची मुभा होती आणि त्यामागे दुष्ट हेतू सिद्ध झाला नाही, असे कायद्याचे म्हणणे पडले.

या खटल्याकडे मी पुन्हा पुन्हा जातो. त्या वेळी बीबीसी चित्रपटगृहांसाठी चित्रपट काढत नव्हती, म्हणजे आपण ज्या हितसंबंधाची काळजी करता तो तिथे नव्हताच. तरीही एका समीक्षकाला तिचे काम करणे अशक्य व्हावे इतका दबाव आला आणि तो बाहेरून, चित्रपट दाखवण्याचे दार ज्याच्या हाती होते त्याच्याकडून आला.

मी स्वतः हे लहान प्रमाणावर भोगले आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या हिंदी चित्रपटावर मी प्रतिकूल लिहिले. त्यानंतर त्या वितरकाच्या प्रेस शोच्या यादीतून माझे नाव गेले. कोणी फोन केला नाही, रागावले नाही, पत्रही आले नाही. फक्त गुरुवारच्या संध्याकाळची निमंत्रणे थांबली. तेव्हा परीक्षण शुक्रवारी रात्री छापायला जायचे. मी शुक्रवारी सकाळी तिकीट काढून पहिला खेळ पाहू लागलो, मध्यंतरात तिकिटाच्या मागच्या बाजूला टिपणे काढायची आणि चित्रपट सुटल्यावर थेट कार्यालयात जाऊन लिहायला बसायचे. अडचण माझ्यापुरती होती तोवर ठीक होते. पण तीन-चार महिन्यांनी पुरवणीच्या संपादकांनी अतिशय सौजन्याने विचारले की भाषा थोडी मवाळ ठेवता येईल का, कारण त्याच वितरकाकडून पुरवणीला मुलाखती मिळेनाशा झाल्या होत्या. ते गृहस्थ भले होते आणि त्यांची अडचण खरी होती. दबाव असाच येतो, चांगल्या माणसाच्या तोंडून आणि विनंतीच्या रूपात येतो. म्हणूनच तो ओळखायला अवघड जातो.

दूरचित्रवाणीवरील परीक्षणाला तर हा दबाव अधिक असतो, कारण वृत्तपत्रातल्या समीक्षकाला फक्त चित्रपट पाहायचा असतो, पण पडद्यावरील कार्यक्रमाला चित्रपटातील दृश्यांचे तुकडे दाखवावे लागतात आणि ते वितरक देतो. बीबीसीचा दीर्घकाळ चाललेला परीक्षणाचा कार्यक्रम १९७१ मध्ये सुरू झाला आणि २०१८ मध्ये थांबला. त्याच्या नावात दरवर्षी सालाचा आकडा बदलत असे, 'फिल्म ७२', 'फिल्म ७३' असा. १९७२ पासून १९९८ पर्यंत तो मुख्यतः बॅरी नॉर्मन यांनी सांभाळला. नॉर्मन यांचे वडील लेस्ली नॉर्मन स्वतः चित्रपट दिग्दर्शक होते, म्हणजे हितसंबंध शोधायचाच म्हटला तर घरातच सापडला असता, पण तो उघड होता. परीक्षण आणि ताऱ्यांच्या मुलाखती एकाच अर्ध्या तासात बसवणे ही अशा कार्यक्रमाची खरी कसरत असते, कारण ज्याची मुलाखत आता घेतली त्याच्या चित्रपटाबद्दल पुढच्या पाच मिनिटांत स्पष्ट बोलावे लागते. आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलात एकामागून एक सात-सात मिनिटांच्या मुलाखती होतात आणि कोणते प्रश्न विचारू नयेत ते दाराशीच सांगितले जाते, त्या खोल्यांतून बाहेर पडलेल्या कोणालाही ही कसरत समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा दबाव सदिच्छेचा आहे. सार्वजनिक पैशातून निघणारे चित्रपट पुष्कळदा लहान, प्रामाणिक आणि समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारे असतात. समीक्षकाला असा चित्रपट यशस्वी व्हावा असे मनापासून वाटते, आणि मग तो हेतूला गुण देतो. मीही मराठीत हे केले आहे. शेतकरी आत्महत्यांवरील एका चित्रपटात संवाद भाषणासारखे झाले होते, दुसऱ्या भागात कथा थांबलीच होती आणि मला ते जाणवत होते, पण परीक्षणात मी विषयाचे महत्त्व तीन परिच्छेद लिहिले आणि दोष एका ओळीत उरकले. निर्मात्याशी माझी ओळख नव्हती, कोणी काही मागितले नव्हते. वाचकाची मात्र फसवणूक झाली होती. आजही ते कात्रण माझ्या फाइलमध्ये वरच ठेवले आहे. बीबीसी किंवा चॅनल फोर यांच्या चित्रपटांवरील ब्रिटिश परीक्षणे वाचताना मी पैशापेक्षा या गोष्टीवर जास्त नजर ठेवतो.

चॅनल फोरचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयाच्या कडेला जातो, कारण बीबीसीचे वेगळेपण त्याशिवाय कळणार नाही. २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झालेली ही वाहिनीही सार्वजनिक मालकीची आहे, पण ती जाहिरातींवर चालते. सुरुवातीच्या रात्रीच तिने स्टीव्हन फ्रियर्स यांचा 'वॉल्टर' दाखवून स्वतः पैसा घातलेल्या चित्रपटांची मालिका सुरू केली. फ्रियर्स यांचाच 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' वाहिनीसाठी १६ मिलिमीटरवर चित्रित झाला होता, पण १९८५ मध्ये एडिनबरा महोत्सवात तो इतका गाजला की चित्रपटगृहांत प्रदर्शित करावा लागला. आपल्याशी याचा थेट संबंध आहे. मुंबईच्या रस्त्यावरील मुलांवरचा मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे!' (१९८८) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, दूरदर्शन आणि चॅनल फोर यांच्या पैशातून उभा राहिला, तर 'बँडिट क्वीन' (१९९४) आणि 'स्लमडॉग मिल्येनेअर' (२००८) यांच्यामागेही चॅनल फोरच होते. म्हणजे ब्रिटिश सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पैशाने भारतात चित्रीकरण होणे ही 'संतोष'च्या पिढीची नवी गोष्ट नाही.

बीबीसीने चित्रपटगृहांसाठीच्या निर्मितीचा वेगळा विभाग १९९० मध्ये काढला आणि २०२० मध्ये त्याचे नाव 'बीबीसी फिल्म्स'वरून 'बीबीसी फिल्म' झाले. पण तिची चित्रपटाची परंपरा त्याआधीच्या दूरचित्रवाणी नाटकांत आहे. केन लोच यांचे बेघर कुटुंबावरील 'कॅथी कम होम' १९६६ साली बीबीसीवर दाखवले गेले. त्यानंतर पन्नास वर्षांनी त्याच लोच यांचा 'आय, डॅनियल ब्लेक' बीबीसी फिल्मच्या सहभागाने निघाला आणि २०१६ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. आजारी सुताराला सरकारी भत्त्यासाठी कार्यालयांत कसे खेटे घालावे लागतात, हे दाखवणारा हा चित्रपट म्हणजे सार्वजनिक पैशातून सार्वजनिक व्यवस्थेवर केलेली टीका होती. तेव्हा सार्वजनिक पैसा म्हणजे सरकारी मत, हे समीकरण मनातून काढून टाकावे. याच चित्रपटातले चित्रण खरे मानायला काही ब्रिटिश वृत्तपत्रांतील स्तंभलेखकांनी नकार दिला. निर्मितीच्या पैशाशी त्यांचा संबंध नव्हता, पण राजकीय मत पक्के होते. उलट बाजूच्या काही लेखकांनी चित्रपटाच्या रचनेबद्दल काहीही न बोलता केवळ भूमिकेसाठी त्याला डोक्यावर घेतले. दोन्हीकडे हितसंबंध होता आणि तो सुरुवातीच्या पाट्यांत कुठेही लिहिलेला नव्हता.

मग व्यवहारात काय करावे? मी एखाद्या समीक्षकाचे मत लेखात घेण्याआधी त्याची तीन-चार जुनी परीक्षणे वाचतो. त्यांतले एक तरी त्याच्याच संस्थेने पैसा घातलेल्या आणि त्याला न आवडलेल्या चित्रपटाचे असावे, असा माझा आग्रह असतो. ते सापडले तर माझा निम्मा संशय जातो. त्यानंतर मी पाहतो की दोष सांगताना तो जागा दाखवतो का. 'उत्तरार्ध थोडा रेंगाळतो' हे वाक्य कुठल्याही चित्रपटाला चालते, त्याला किंमत नाही. अमुक प्रसंगी पात्राने घेतलेला निर्णय आधीच्या तमुक प्रसंगाशी जुळत नाही, असे जो लिहितो त्याने चित्रपट पाहिला आहे आणि तो स्वतःचे मत पणाला लावतो आहे. कौतुकालाही हीच कसोटी लावावी. 'महत्त्वाचा चित्रपट' असे म्हणणाऱ्याला मी मनातल्या मनात विचारतो की महत्त्व विषयाचे आहे की मांडणीचे.

'संतोष'च्या बाबतीत आपल्याला एक जास्तीची जबाबदारी आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी पोलीस शिपाई झालेल्या तरुणीची ही हिंदी भाषेतील कथा आहे. ती २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली आणि ऑस्करसाठी ब्रिटनची अधिकृत प्रवेशिका ठरली, पण सेन्सॉर मंडळाने मागितलेल्या मोठ्या काटछाटीमुळे भारतातल्या चित्रपटगृहांत ती येऊ शकली नाही. म्हणजे दिवाळी अंकाच्या बहुतेक वाचकांनी चित्रपट पाहिलेला नसेल आणि ते आपल्याशी वाद घालू शकणार नाहीत. अशा वेळी सदिच्छेचा दबाव दुप्पट होतो, कारण ज्या चित्रपटाला आपल्या देशात अडवले गेले त्याचे दोष सांगणे आपल्याला कृतघ्नपणाचे वाटते. तरीही ते सांगावेत. ब्रिटिश समीक्षकांची मतेही जरूर घ्यावीत, पण ठाण्यातील बोलण्याची रीत, जातीचा उल्लेख टाळून जात सांगण्याची पद्धत, वरिष्ठापुढे उभे राहण्याची ढब या बाबतीत त्यांच्यापेक्षा आपल्या कानांवर आणि डोळ्यांवर विसंबावे. त्यांना हे सारे उपशीर्षकांतून कळले आहे, आपल्याला ते ऐकू आले आहे.

हितसंबंधाची नोंद कशी करावी, असेही आपण विचारले आहे. लेखाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदात एक साधे वाक्य पुरेसे आहे: 'या चित्रपटात बीबीसी फिल्मची गुंतवणूक आहे आणि या लेखात उद्धृत केलेल्या मतांपैकी अमुक मत बीबीसीवरील परीक्षणातले आहे.' त्याला विशेषण लावू नये आणि खुलाशाचा सूरही नको. आपण चित्रपट तिकीट काढून पाहिला की निमंत्रणावरून, तेही त्याच वाक्याच्या शेजारी लिहावे. मी गेली पंधरा वर्षे प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी हे लिहितो आणि संहितेवर अभिप्राय दिलेल्या प्रकल्पांचे परीक्षण घेत नाही. एकदा संपादकांनी ती ओळ जागेअभावी कापली होती, तेव्हा मी पुढच्या अंकात तेवढीच ओळ वेगळी छापून घेतली.